डाग, गोंदण, वण: मध्यप्रांतातील त्वचालेखन आणि 'ब्लॅक पँथर'

मराठीत 'डाग' हा शब्द मोठा विलक्षण आहे. धुतल्या वस्त्राला पडतो तो डाग आणि चारित्र्याला लागतो तोही डाग. आजारी मुलाच्या पोटावर तापलेल्या सळईने दिला जातो तो डाग, जनावराच्या पुठ्ठ्यावर मालकीची खूण म्हणून उमटवला जातो तो डाग. आणि लग्नात मुलीच्या अंगावर चढतो तो सोन्याचा डाग. 'डागडागिने' असे जोडून म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कलंकाची शंकाही येत नाही. अवमान आणि अलंकार एकाच शब्दात सुखाने नांदू शकतात, याचे कारण शब्दकोशात शोधून सापडणार नाही. शरीरावरची खूण कोणी केली आणि ती कोणी वाचली यावर तिचा अर्थ ठरतो. हा अनुभव मराठी भाषकांना जुना आहे, आणि भाषेने तो जपून ठेवला आहे.

रायन कूगलर दिग्दर्शित 'ब्लॅक पँथर' हा चित्रपट २०१८च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवणाऱ्या या महानायकपटाची चर्चा प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधित्वाच्या अंगाने झाली. ती योग्यच होती. परंतु या चित्रपटात प्रतिनिधित्वाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग संवादांत नसून पात्रांच्या त्वचेवर आहे. ओठाच्या आतल्या बाजूला चमकणारी निळी खूण, रक्षक स्त्रियांच्या मुंडित मस्तकांवरील गोंदण, एका वृद्धाच्या खालच्या ओठातील तबकडी, एका वृद्धेच्या केसांतील तांबडी माती आणि प्रतिनायकाच्या छातीपाठीवर उठलेले शेकडो वण, अशी ही एक सबंध लिपीच आहे. ती वाचण्यासाठी आफ्रिकेचे मानववंशशास्त्र उपयोगी पडते. त्याचबरोबर नर्मदेच्या काठावरचा, आपल्याच जुन्या मध्यप्रांताचा इतिहासही उपयोगी पडतो. त्वचेवर लिहिण्याचे तीन निरनिराळे व्यवहार या एका प्रांतात शंभर वर्षांच्या आत घडून गेले, आणि त्यांतला तिसरा व्यवहार चित्रपटाच्या कल्पनेबाहेर राहिला.

प्रारंभ जबलपूरपासून करावा लागतो. गोहलपूर, मिलौनीगंज, गुरंदी अशा जुन्या वस्त्यांचे हे शहर मराठी इतिहासाला परके नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरच्या मराठ्यांकडे आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेले. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७च्या डिसेंबरात, जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. पुढे १८६१मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर राजधानी झाली आणि १९५६पर्यंत मराठी व हिंदी भाषकांचा हा एकत्र संसार चालला. या काळात नोकरी, वकिली आणि शिक्षणाच्या निमित्ताने जबलपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना 'गोंदण' आणि 'गोदना' हे दोन शब्द सारखेच ओळखीचे असणार.

त्यांतला 'गोदना' हा शब्द इंग्रजी दप्तरात फार वेगळ्या वाटेने शिरला. बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याच्या गुन्ह्याची नोंद गोंदण्याची शिक्षा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ होती आणि कंपनी सरकारच्या कागदपत्रांत या शिक्षेला 'गोदना' असेच म्हटले जाई. विल्यम स्लीमन याने जबलपूर हे ठगविरोधी मोहिमेचे केंद्र केल्यावर सागर-नर्मदा प्रदेशातील न्यायालयांतून शिक्षा झालेल्या ठगांच्या कपाळांवरही अक्षरे उमटू लागली. कैदी पळाला तरी त्याचे कपाळ पळू शकत नाही, असा त्यामागील हिशेब. कैद्यांनी त्यावर शोधलेला उपायही साधाच होता. ते पागोटे भुवयांपर्यंत खाली ओढून घेत. १८४९मध्ये कायद्याने ही पद्धत रद्द झाली. तोवर खेड्यातल्या बाईच्या हातावरील तुळस आणि काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसाच्या कपाळावरील आरोप या दोहोंना राज्याच्या भाषेत एकच नाव होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सरकारने शिक्षेसाठी नवे तंत्र आणले नाही. सुई, काजळी आणि गोंदणारा हात ही सारी सामग्री लोकव्यवहारातलीच होती; सरकारने तिचा अर्थ तेवढा फिरवला. ठगांविषयीच्या कथनांतही हेच घडले. स्लीमनचा 'रामसीआना' १८३६मध्ये आणि फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत ठग स्वतःच्या तोंडाने बोलतो, पण त्याला बोलते करणारा आणि ते बोलणे टिपणारा साहेब समोर बसलेला असतो. कपाळावरील अक्षरे आणि कादंबरीतील आत्मकथन हे एकाच वाचनव्यवस्थेचे दोन भाग होत. ठगी ही संघटित पंथीय वस्तू कितपत होती आणि कंपनी सरकारच्या भयातून तिचे चित्र कितपत रेखले गेले, यावर इतिहासकारांत वाद आहे. कपाळांविषयी तसा वाद संभवत नाही. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी जबलपुरात १८३०च्या दशकाच्या अखेरीस उद्योगशाळा निघाली. तेथे सतरंज्या, गालिचे आणि तंबू तयार होत. गुरंदी हे नाव 'गोइंदा', म्हणजे खबऱ्या, या शब्दावरून पडले असे स्थानिक लोक सांगतात. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कपाळाची गरजच उरली नाही. जन्म हीच खूण ठरली आणि ती पोलिसांच्या नोंदवहीत गेली. त्या नोंदवहीचे सामाजिक परिणाम काय झाले, हे मराठी वाचकाला लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने सांगितले आहे.

महानायकाच्या वाङ्मयात डागाचा प्रवेश नेमका याच मार्गाने झाला. ली फॉकने १९३६मध्ये निर्माण केलेला 'फँटम' इंद्रजाल कॉमिक्सच्या द्वारे १९६४नंतर भारतीय घरांत आला आणि मराठीत तो 'वेताळ' झाला. भुताखेतांचा अधिपती असलेला वेताळ कोकणात ग्रामदैवत म्हणूनही पूजला जातो. त्याचे नाव एका घट्ट पोशाखातल्या गोऱ्या माणसाला मिळाले हा अनुवादाच्या इतिहासातला एक गमतीदार प्रकार म्हणावा लागेल. आफ्रिकेच्या जंगलातल्या गुहेत राहणारा हा गोरा पुरुष पिढ्यान्पिढ्या कृष्णवर्णीय टोळ्यांचा संरक्षक आहे, आणि त्याच्या बोटात कवटीची अंगठी आहे. त्याचा ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो तो कायमचाच. दुसऱ्या अंगठीचा ठसा मित्राला मिळतो आणि त्याचे रक्षण करतो. कपाळ गोंदणारा दंडाधिकारी आणि अभयपत्र देणारा साहेब असे हे दोन्ही अधिकार वेताळाच्या दोन हातांत आले आहेत. मराठीतील अनेक वाचकांच्या मनात आफ्रिकेचे पहिले चित्र ज्या पानांनी उभे केले, त्या पानांत काळ्या माणसाच्या त्वचेवर लिहिण्याचा अधिकार गोऱ्या माणसाकडे होता, ही बाब आपल्याकडील बालवाङ्मयाच्या चर्चेत फारशी आलेली नाही.

'ब्लॅक पँथर'च्या निर्मात्यांसमोर हा वारसा होताच. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६च्या जुलैत 'फँटॅस्टिक फोर'च्या अंकातून टचाला हा वाकांडाचा राजा प्रथम आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. पक्षाने नाव कॉमिक्सवरून घेतले नाही; अलाबामातील लाउंड्स परगण्याच्या कृष्णवर्णीय संघटनेचे काळा चित्ता हे निवडणूक चिन्ह आधीपासून होते. पण नामसाम्यामुळे प्रकाशक अडचणीत आला आणि १९७२च्या आरंभी एका अंकात टचालाने आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' असे घेतले. ते फार काळ टिकले नाही. योगायोग असा की, प्रकाशनसंस्थेला हे नाव जड झाले त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे सहकारी यांनी ते आपल्या संघटनेसाठी उचलले. न्यूयॉर्कच्या कचेरीत नको झालेला पँथर कामाठीपुऱ्याला आणि वरळीला हवा होता. मूळ चित्रपट ओकलंडमध्ये, १९९२ सालच्या एका गरीब वस्तीत सुरू होतो, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय साहित्य यांची तुलना मराठीत म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांच्यापासून सुरू झाली आणि आता ती पाठ्यक्रमाचा भाग आहे. त्या तुलनेत एक अडचण नेहमी राहिली आहे, ती त्वचेची. वंश त्वचेवर वाचला जातो. जात तशी वाचता येत नाही. सावळा विठ्ठल आणि काळा कृष्ण यांच्या देशात वर्णावरून जात ओळखण्याचा प्रयत्न फसतोच. म्हणून जातीला वरून खूण लावावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या 'अनायहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतील अस्पृश्याला मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे असे नमूद केले आहे. तो काळा दोरा म्हणजे नसलेल्या वर्णाच्या जागी बांधलेला वर्ण होय. अमेरिकेतील गुलामाच्या त्वचेवर मालकाचा तापवलेला ठसा उमटे, तो मालकी सांगण्यासाठी. कनिष्ठता त्वचेने आधीच सांगून ठेवलेली असे. भारतात कनिष्ठता सांगण्यासाठीच खुणेची गरज पडली. तौलनिक अभ्यासाने हा भेद पुसून टाकू नये.

आता चित्रपटाकडे. वाकांडा हे कधीच परतंत्र न झालेले राज्य. त्यामुळे तेथे त्वचेवर लिहिणारा हात परका नाही, ही कल्पनेची मोठी मुभा दिग्दर्शकाला मिळाली. वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी वाकांडाच्या निरनिराळ्या टोळ्यांसाठी आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून नमुने घेतले. नामिबियातील हिंबा स्त्रिया लोणी आणि गेरू यांचे मिश्रण केसांना व अंगाला लावतात, तो रंग एका वृद्धेच्या मस्तकी आला. इथिओपियाच्या ओमो खोऱ्यातील सुर्मा आणि मुर्सी लोकांची ओठातील तबकडी एका वृद्धाच्या चेहऱ्यावर आली, आणि त्याच्या अंगात हिरवा अत्याधुनिक सूट आला. एन्डबेले स्त्रियांची गळ्यातील कडी, लेसोथोची घोंगडी, झुलू स्त्रियांचे शिरोभूषण असे सारे एका राजसभेत जमले. या कामासाठी कार्टर यांना २०१९मध्ये ऑस्कर मिळाले; वेशभूषेसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. हा संकर मानववंशशास्त्राच्या काटेकोर तराजूत टिकणारा नाही. नामिबिया आणि इथिओपिया यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर आहे. तरीही सुटातील माणसाच्या ओठात तबकडी ठेवण्याची कल्पना धाडसी आहे. ज्या खुणेला शतकभर छायाचित्रकारांनी 'आदिम' ठरवले, तिला राजकारण करणाऱ्या, मत देणाऱ्या, घड्याळ बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहण्याची सवय प्रेक्षकाला नव्हती.

काळ्या त्वचेच्या छायाचित्रणाचाही येथे संबंध येतो. विसाव्या शतकात रंगीत फिल्म आणि तिचे मुद्रण गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेल्या प्रमाणपत्रिकेवर जुळवले जाई. या पत्रिकेला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या मापाने काळा चेहरा म्हणजे डोळे आणि दात वगळता उरलेला अंधार. कृष्णवर्णीय त्वचेतील छटा, तिचा तुकतुकीतपणा, तिच्यावरील खुणा फिल्मवर उतरत नसत. रेचल मॉरिसन यांच्या छायाचित्रणात या छटा दिसतात, आणि म्हणूनच त्वचेवर काय लिहिले आहे हा प्रश्न प्रेक्षकासमोर येऊ शकतो. जे दिसत नाही ते वाचताही येत नाही.

वाकांडाच्या नागरिकत्वाची खूण खालच्या ओठाच्या आत असते. ती एरवी झाकलेली, मागितल्यावर ओठ उलटून दाखवायची, आणि निळ्या प्रकाशाने चमकणारी. ओकलंडच्या घरात राजाचा भाऊ एन्जोबू ती दाखवतो आणि पुढे त्याचा मुलगा किलमाँगर वाकांडाच्या सीमेवर तीच दाखवून आत येतो. कपाळ ही जागा दुसऱ्याने वाचण्याची. ओठाचा आतला भाग स्वतःच्या इच्छेने उघडण्याचा. जबलपूरच्या न्यायालयाने जी जागा निवडली, तिच्या नेमक्या विरुद्ध टोकाची जागा चित्रपटाने निवडली आहे. परंतु वाकांडाचे राज्य केवळ अशाच सौम्य खुणा करते असे समजण्याचे कारण नाही. 'एज ऑफ अल्ट्रॉन' या २०१५च्या पूर्वपटात युलिसिस क्लॉ या गोऱ्या शस्त्रविक्याच्या मानेवर एक डाग दिसतो. वाकांडाच्या लिपीत तेथे 'चोर' असे डागलेले आहे. वेताळाच्या अंगठीचा हा उलटा प्रवास म्हटला पाहिजे: आता काळे राज्य गोऱ्या गुन्हेगाराला डागते. अर्थ बदलला, हात बदलला. व्यवहार तोच राहिला. चित्रपटाने या गोष्टीकडे पुन्हा वळून पाहिले नाही. राज्य स्वतंत्र असले की डाग न्याय्य होतो का, हा प्रश्न वाकांडाच्या कोणत्याही दरबारात विचारला जात नाही.

त्वचेवरून प्राण्याकडे जाणाऱ्या रूपकांची एक उपकथाही येथेच नोंदवावी. वाकांडाच्या डोंगरी जबारी टोळीचा प्रमुख एम्बाकू हा मूळ कॉमिक्समध्ये 'मॅन-एप' या नावाने वावरत असे. कृष्णवर्णीयाला वानर म्हणण्याच्या जुन्या शिवीची आठवण होऊन चित्रपटकर्त्यांनी ते नाव टाकले. टोळीचे गोरिला दैवत मात्र ठेवले आणि त्याचे नाव एम्बाकूच्या तोंडी 'हनुमान' असे आले. भारतात प्रदर्शित झालेल्या प्रतीत तो उच्चार प्रमाणन मंडळाच्या सूचनेवरून मूक करण्यात आला. ज्या देशात वानर हा देव आहे त्या देशात शिवी आणि स्तुती यांची सीमारेषा अमेरिकेपेक्षा वेगळ्या ठिकाणी पडते, हे समजून घेण्याची एक दुर्मिळ संधी त्या शांततेत गेली.

चित्रपटातील खरी कोंडी किलमाँगरच्या अंगावर आहे. धबधब्याच्या काठावरील द्वंद्वापूर्वी तो अंगातले वस्त्र काढतो आणि त्याच्या छातीवर, पाठीवर, दंडांवर उठलेल्या वणांच्या रांगा दिसतात. एक वण म्हणजे एक हत्या. मायकेल बी. जॉर्डन याच्या अंगावर सिलिकॉनच्या तुकड्यांनी ही त्वचा चढवली जाई. मराठीत 'गोंदणे' या क्रियेला शब्द आहे, पण त्वचेला चिरा देऊन मुद्दाम वण उठवण्याच्या कलेला रूढ शब्द नाही. 'वण' हा अपघाताचा किंवा देवीच्या रोगाचा. आफ्रिकेत मात्र गडद त्वचेवर रंग पुरेसा उठत नाही म्हणून उंचवटा उठवण्याची ही कला बहरली. तो स्पर्शाने वाचायचा लेख आहे. मुर्सी आणि सुर्मा लोकांत स्त्रियांच्या अंगावरील असे वण सौंदर्यासाठी असतात. पुरुषांत शत्रू मारल्याची खूण म्हणूनही ते नोंदले गेले आहेत. या अनेक अर्थांतून चित्रपटाने एकच उचलला. किलमाँगरला ओठातील खूण वडिलांकडून मिळाली. देश मिळाला नाही. उरलेली त्वचा त्याने स्वतः लिहिली आणि ती लिहिताना त्याच्या हाती आले ते मोजणीचे अंक. या आकड्यांतले बरेचसे अमेरिकी सैन्याच्या सेवेत, अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये जमले, हेही तो सांगतो. म्हणजे पूर्वजांची लिपी त्याने घेतली आणि तिच्यात हिशेब मांडला तो साम्राज्याच्या युद्धांचा. पात्र म्हणून हे भेदक आहे. पण प्रतिनिधित्व म्हणून? वारशाने मिळालेली खूण तेवढी उजळ आणि स्वतः कोरलेली खूण तेवढी हिंस्र, अशी विभागणी यातून सिद्ध होते. राजघराण्याबाहेरच्या, देश हरवलेल्या माणसाने स्वतःच्या त्वचेवर काही वेगळे लिहिले असते तर काय, याची कल्पना चित्रपटाला करता येत नाही.

ती कल्पना जुन्या मध्यप्रांतात प्रत्यक्ष घडली. पण तिच्याकडे जाण्यापूर्वी प्रांतातील मूळ गोदन्याकडे थोडे पाहावयास हवे, कारण त्याच्याशिवाय पुढचे कळत नाही. मंडला आणि आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील बैगा स्त्रियांचे गोंदण हे भारतातील सर्वांत विस्तृत गोंदणांपैकी एक. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या चार खंडांच्या ग्रंथाने प्रांतातील गोंदणाची नोंद घेतली. हे हिरालाल तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातील मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे. व्हेरियर एल्विनच्या 'द बैगा' (१९३९) या ग्रंथात गोंदणाचे तपशीलवार वर्णन आले. लहानपणी कपाळावरील खुणेने सुरुवात होते. मग वयाच्या टप्प्यांनी पाठ, दंड, पाय आणि छाती. गोंदणारी बादनीन बाहेरच्या जातीची असते. ती रामतिळाच्या तेलाची काजळी आणि सुयांचा जुडगा घेऊन गावोगाव फिरते. आकृत्या ठरलेल्या असतात, त्यांची नावे असतात, आणि त्या सोसल्या जातात तेव्हा सोबत इतर स्त्रिया असतात. बाकी सारे दागिने इथेच राहतात, गोदना तेवढा मेल्यावर बरोबर येतो, ही समजूत प्रांतभर आढळते. चोर नेऊ शकत नाही आणि सावकार गहाण ठेवून घेऊ शकत नाही असा हा डाग.

बैगा स्त्रीचे गोंदण वारशाचे आहे. या अर्थी ते वाकांडाच्या ओठाजवळ जाते. फरक एवढा की ते राज्याने दिलेले नाही आणि झाकलेलेही नाही.

प्रांताच्या पूर्व भागात, छत्तीसगडच्या मैदानात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळीच गोष्ट घडली. तेथील चर्मकार समाजात गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाने आधीच मोठी जागृती केली होती. त्याच समाजातून, चारपारा गावच्या परशुराम यांच्या प्रेरणेने, रामनामी संप्रदाय उभा राहिला. मंदिराचे दार बंद असलेल्या या लोकांनी 'राम' हे नाव स्वतःच्या कातडीवर गोंदून घेतले. कोणी कपाळावर, कोणी छातीवर आणि काहींनी नखशिखांत: पापण्या, कान, टाळू, जिभेचे टोकदेखील सुटले नाही, इतके. अंगावर राम-राम छापलेली ओढणी, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, पायांत घुंगरू. अंगभर नाव असलेल्या माणसाला 'नखशिख' असे म्हणतात. यातील बहुतेक जण अक्षरशत्रू होते. ज्या अक्षरांपासून त्यांना दूर ठेवले होते, त्यांतील दोन अक्षरे त्यांनी हजारो वेळा अशा ठिकाणी लिहिली जेथून ती खोडता येत नाहीत आणि जेथे ती शिवल्याने विटाळतात असे म्हणणाऱ्याला नाव घेऊनच विटाळ मानावा लागेल. रामनाम हे परशुरामांच्या अनुयायांचे वारसाहक्काने आलेले धन नव्हते. ते त्यांना नाकारलेले होते. त्यांनी ते घेतले, पण तलवारीच्या जोरावर नव्हे आणि परवानगी मागूनही नव्हे.

कपाळाच्या इतिहासात हे कुठे बसते, हे पाहण्यासारखे आहे. १८४९पर्यंत सागर-नर्मदा प्रदेशात राज्याची सुई कपाळावर चालत होती. अर्धशतकाच्या आत छत्तीसगडच्या या समाजाने सुई आपल्या हाती घेतली आणि कपाळावरच, झाकता येणार नाही अशा जागी, लिहिले. कैद्याने पागोटे खाली ओढले होते. रामनाम्याने पागोटे काढून मोरपिसे लावली. अर्थात या इतिहासाला आदर्श बनवण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्या ईश्वराच्या नावाने दार बंद केले त्याच नावाचा आश्रय घेणे हा विद्रोह की शरणागती, असा प्रश्न आंबेडकरी विचाराने विचारला असता आणि तो रास्त आहे. १९५६मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्या समाजाने ते दैवतच सोडले, त्याचा मार्ग वेगळा होता. त्या मार्गावर त्वचेवर लिहिण्याची गरज पडली नाही. दोन्ही मार्ग एकाच प्रांतातले आणि एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. गेल्या काही दशकांत रामनामी तरुणांत पूर्ण अंग गोंदून घेण्याची प्रथा मागे पडली आहे. शहरात काम मिळवायचे तर कपाळ कोरे असलेले बरे, हे कारण त्यामागे सांगितले जाते. बैगा मुलींच्या बाबतीतही असेच ऐकू येते. शहरातल्या गोंदणालयांत मात्र आदिवासी नमुन्यांना मागणी आहे, आणि तेथे त्या नमुन्याला नाव नसते.

चित्रपटाचा शेवट किलमाँगरच्या मृत्यूने होत जातो. टचाला त्याला उपचार देऊ करतो आणि तो नाकारतो. बंधनापेक्षा मरण बरे मानून ज्या पूर्वजांनी गुलामांच्या जहाजांवरून उड्या टाकल्या त्यांच्यासोबत आपल्याला समुद्रात सोडावे अशी त्याची मागणी असते. दीर्घकाळ स्मरणात राहणारा हा प्रसंग आहे. पण ते पूर्वज ज्या किनाऱ्यांवरून आले तेथील अनेक लोकांच्या गालांवर आणि कपाळांवर वण असत, कुळाचे, वयाचे, सौंदर्याचे. अमेरिकेत उतरवलेल्या आणि पुढे पळून गेलेल्या गुलामांसाठी मालकांनी वृत्तपत्रांत दिलेल्या जाहिरातींत या वणांचा उल्लेख 'त्यांच्या देशाच्या खुणा' म्हणून येतो. डाव्या गालावर किती, उजव्या गालावर किती, हे मालक पकडण्याच्या सोयीसाठी तपशिलाने लिहून काढी. त्या खुणा कोणी कोरल्या, त्यांची नावे काय होती आणि ती कोरताना सोबत कोण बसले होते, याविषयी त्या जाहिरातींत एक ओळही नाही.